लाखभर प्रेक्षक, एक फाटक: साथीतल्या नियमांपैकी कामाचे कुठले ठरले

प्रश्न: "माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये इंडियानात एम.एस. करायला जातेय. तिथे कॉलेजच्या फुटबॉलला म्हणे लाखभर माणूस जमतं. कोविडच्या वेळी तिथल्या प्रेक्षकांना काय नियम होते? त्यातले खरे उपयोगी कुठले ठरले? आणि उद्या तशी साथ परत आली तर तिने सामन्याला जावं का, गेली तर काय सांभाळावं?" सांगलीहून एका वडिलांनी हे विचारलं आहे.

उत्तर:

नमस्कार. तुमचे प्रश्न तीन आहेत आणि तुमचा जीव तिसऱ्यात अडकलाय, हे मला कळतंय. पण पहिले दोन नीट बघितल्याशिवाय तिसऱ्याचं उत्तर हाती लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची डॉक्टर. एमबीबीएस महाराष्ट्रात केलं, पुढे साथरोगशास्त्राकडे वळले. २०२० ते २०२२ या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका विद्यापीठाच्या साथ-नियंत्रण समितीवर होते. सामन्याला प्रेक्षक येऊ द्यायचे का, किती, कुठल्या अटींवर, हे जिथे ठरायचं त्या बैठकांना मी असायचे आणि सामन्याच्या दिवशी फाटकावरही उभी असायचे. तिथे जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगते: उघड्या स्टेडियममधली खुर्ची ही त्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात कमी धोक्याची जागा असते. धोका असतो तिथवर जाण्यात, मध्यंतरात, आणि सामना संपल्यावर पोरं जिथे जातात तिथे. आमचे बहुतेक नियम मात्र खुर्चीचेच होते. ही चूक सगळीकडे झाली, आमच्याकडेही झाली, आणि तुमच्या मुलीने काय करावं याचं निम्मं उत्तर त्या चुकीतच आहे.

आधी गर्दीचा अंदाज येऊ दे. तिथला फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. टेक्सास ए अँड एमचं काईल फील्ड १,०२,७३३ चं. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं आहे, म्हणजे तीन वानखेडे एकावर एक रचा. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा गावात आहे, त्या गावची वस्ती जेमतेम लाखाची आणि तिथलं स्टेडियमही लाखाचं. सामन्याच्या शनिवारी गाव दुप्पट होतं. दवाखान्यातल्या खाटा मात्र गावच्या वस्तीच्या हिशेबानेच असतात. आमच्या बैठकांत मी हेच पुन्हापुन्हा सांगायचे: आपण इथे फक्त स्टेडियमची गर्दी मोजत बसलोय, पण खाटा किती रिकाम्या आहेत आणि आजूबाजूच्या तालुक्यांत साथ कुठवर आलीय, हे आधी बघा.

आता नियमांकडे येते. मार्च २०२० चे ते दोन दिवस या क्षेत्रातलं कुणीही विसरणार नाही. आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या जुन्या विद्यापीठांच्या गटाने, १० मार्चलाच आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली तेव्हा लोकांना ते अति वाटलं होतं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. त्याच दिवशी एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संघटना, म्हणाली की मार्चमधली मोठी बास्केटबॉल स्पर्धा प्रेक्षकांविना घेऊ. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाचा एक सामना चालू होता, तो मध्यंतरालाच थांबवला, आणि संध्याकाळपर्यंत एनसीएएची स्पर्धाच रद्द झाली. 'प्रेक्षकांविना' पासून 'सामनाच नाही' पर्यंत पोचायला जेमतेम चोवीस तास लागले.

खरा गोंधळ २०२० च्या शरद ऋतूत, फुटबॉलच्या मोसमात झाला. अमेरिकेत अशा वेळी दिल्लीहून आल्यासारखा एकच आदेश येत नाही. राज्याचा गव्हर्नर एक सांगतो, काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, आरोग्य खातं दुसरं, विद्यापीठ तिसरं, आणि ज्या 'कॉन्फरन्स'मध्ये म्हणजे गटात ते विद्यापीठ खेळतं तो गट चौथंच. यातला जो कडक असेल तो नियम लागू पडायचा, निदान कागदावर. तुमची मुलगी जिथे चाललीय त्या इंडियानातली इंडियाना आणि पर्ड्यू ही दोन्ही विद्यापीठं बिग टेन गटात आहेत. या गटाने ऑगस्टमध्ये मोसम पुढे ढकलला, सप्टेंबरमध्ये निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी खेळ सुरू केला, पण लोकांना तिकिटं विकलीच नाहीत. खेळाडूंच्या घरच्यांना तेवढं येता यायचं, तेही स्थानिक आरोग्य खात्याने हो म्हटलं तर. दक्षिणेतल्या एसईसी गटात साधारण पाव स्टेडियम भरायची मुभा होती आणि मास्क सक्तीचा होता. टेक्सासमध्ये राज्याने निम्म्यापर्यंत मोकळीक दिली होती. कॅलिफोर्नियात तर खेळाडूंच्या आईवडिलांनाही आत जाता येत नव्हतं. त्यामुळे १ जानेवारी २०२१ चा रोझ बोल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना पॅसाडीनाहून उचलून थेट टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला नेला. मुलगा आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना खेळतोय आणि आईबाप घरी टीव्हीसमोर, हे काही जणांना सहन होण्यासारखं नव्हतं, आणि मला ते समजू शकतं.

फ्लोरिडात गव्हर्नरने सप्टेंबरअखेर स्टेडियम पूर्ण भरायची परवानगी देऊन टाकली. १० ऑक्टोबरला फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ टेक्सासमध्ये हरला, तेव्हा प्रशिक्षक डॅन मलन म्हणाले की पुढच्या आठवड्यात आमचंही मैदान खच्चून भरा. विद्यापीठाने तसं केलं नाही, हे त्यांचं चांगलं. आठवड्याभरातच संघात साथ पसरली, पुढचा सामना डिसेंबरवर गेला आणि मलन स्वतःही पॉझिटिव्ह आले. हे मी त्यांना दोष द्यायला सांगत नाही. मैदान भरावं असं प्रशिक्षकाला वाटणारच. म्हणून तर तो निर्णय त्याच्या हातात असू नये.

आता एक प्रसंग थोडा थांबून सांगते, कारण तो इंडियानातलाच आहे आणि प्रेक्षकांच्या नियमांबद्दल मी जे शिकले त्यातलं बरंच काही त्यात आहे. नोत्र दाम विद्यापीठ, साउथ बेंड, ७ नोव्हेंबर २०२०. समोर देशात पहिल्या क्रमांकावरचा क्लेमसनचा संघ. स्टेडियम ७७,६२२ चं, पण आत सोडलेली माणसं ११,०११, आणि त्यांतले बहुतेक विद्यापीठातलेच विद्यार्थी आणि कर्मचारी. जागा अंतर ठेवून दिलेल्या, मास्क सक्तीचा. कागदावर पाहिलं तर त्या मोसमातल्या चांगल्या व्यवस्थांपैकी ही एक म्हणावी लागेल. सामना बरोबरीत गेला, मग जादा वेळ, मग दुसरा जादा वेळ, आणि नोत्र दाम ४७-४० ने जिंकलं. पुढच्या काही मिनिटांत कठडे ओलांडून हजारो पोरं मैदानात उतरली. एकमेकांच्या गळ्यात पडून उड्या, ओरडणं, गाणी. सहा फुटांचं अंतर, आखून दिलेल्या जागा, सगळी आखणी त्या क्षणी संपली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जेन्किन्स यांनी विद्यार्थ्यांना पत्र पाठवलं: सुट्टीला घरी जाण्याआधी चाचणी सक्तीची, आणि निकाल यायच्या आत जो गाव सोडेल त्याची पुढच्या सत्राची नोंदणी अडवली जाईल. नियम योग्यच होता. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला ही मुलं देशभर आपापल्या आजी-आजोबांकडे जाणार होती. पण याच अध्यक्षांनी सप्टेंबरअखेर व्हाइट हाउसच्या बागेतल्या एका समारंभात मास्क न लावता हस्तांदोलनं केली होती, नंतर ते पॉझिटिव्ह आले होते आणि त्यांनी माफीही मागितली होती. पोरांनी ते लक्षात ठेवलं होतं. आमच्या विद्यापीठातल्या मुलांच्या तोंडूनही मी तेच ऐकलं: "मोठी माणसं करतात ते चालतं, आम्ही जिंकलो म्हणून नाचलो तर शिक्षा." त्यानंतर आमच्या समितीत मी दोन गोष्टींचा हट्ट धरला. एक, वरच्या माणसांनी मास्क लावलेला दिसला पाहिजे, कॅमेरा असो वा नसो. दुसरी, जिंकल्यावर काय करायचं ते सामन्याआधी ठरवा. मैदानाकडची दारं कोण धरणार, पहिली पाच मिनिटं कुठला स्टँड बसून राहणार, बाहेर कुणी कुठल्या वाटेने जायचं. हरलेला प्रेक्षक मुकाट्याने घरी जातो. जिंकलेल्यासाठी नियोजन लागतं.

खुर्चीत धोका कमी का, तेही सांगते. हा विषाणू मुख्यतः हवेतून जातो. माणूस बोलतो, ओरडतो, गातो तेव्हा बारीक कण बाहेर पडतात. बंद खोलीत ते धुरासारखे साचतात, उघड्यावर विरून जातात. सांगलीत तुम्ही कुस्तीच्या मैदानावर बसला असाल, तिथे शेजाऱ्याच्या विडीचा धूर नाकापर्यंत येतो, पण साठत नाही. तोच धूर बंद एसटीत कसा वाटेल, आठवून पाहा. सुरुवातीच्या काळातल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा, नोंद झालेल्या लागणींपैकी उघड्यावर झालेल्या दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या. म्हणून शेजारी कुणी बाधित असेल आणि तीन तास तुमच्या मानेवर ओरडत असेल तर धोका आहेच, पण बाकीच्या दिवसाच्या मानाने तो थोडा.

आता तो बाकीचा दिवस बघा. सकाळी चार मित्र एका गाडीत, खिडक्या बंद, दोन तास प्रवास. मग टेलगेट. गाडीचं मागचं दार उघडून पार्किंगमध्येच शेगडी पेटवायची आणि तासन्‌तास खाणंपिणं, हा तिथला सामन्याइतकाच मोठा सोहळा आहे. आपल्या जत्रेत देवळापेक्षा पालांत जास्त माणूस असतं, तसंच. बरं, टेलगेट उघड्यावर असतं, पण पाऊस आला की सगळे एका तंबूत. तिथून फाटकापर्यंत शटल बस. मग स्टँडखालचा बंदिस्त भाग, जिथे खाण्याचे स्टॉल आणि स्वच्छतागृहं असतात. मध्यंतराची वीस मिनिटं अख्खं स्टेडियम तिथे उतरतं. आणि रात्री गावातले बार, कुणाच्या तरी घरातली पार्टी, तीस माणसं एका दिवाणखान्यात.

ज्या विद्यापीठात मी होते, तिथे पहिल्या महिन्यात सर्वाधिक पैसा खर्च झाला तो खुर्च्या पुसण्यावर आणि जंतुनाशक फवारण्यावर. पाठीवर पंप घेतलेली माणसं रिकाम्या स्टँडमध्ये फवारत चाललीत, असे फोटो छापून आले आणि लोकांना बरं वाटलं. त्याच वेळी लांबच्या पार्किंगमधून येणाऱ्या शटल बस खचाखच भरून येत होत्या, खिडक्या बंद. मी ते लेखी कळवलं. बसचं कंत्राट दुसऱ्या विभागाचं आहे असं उत्तर आलं, आणि खिडक्या उघड्या ठेवायचा साधा आदेश निघायला तीन सामने गेले. त्याचा राग मला आजही येतो. पुढे एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीनेच, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनेच, सांगितलं की पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

कपाळावर धरायच्या तापमापकाची गतही तीच. हा आजार लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच पसरायला लागतो. ताप नसलेला माणूस हसत हसत आत जायचा. शिवाय ऊन खात रांगेत उभा असलेला धडधाकट माणूस यंत्राला तापलेला वाटायचा, मग त्याला बाजूला सावलीत बसवा, परत मोजा.

२०२१ मध्ये लस आली आणि नियमांचा रोख बदलला. वसंतात एनसीएएने पुरुषांची अख्खी बास्केटबॉल स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात घेतली, जास्तीत जास्त पाव प्रेक्षक आणि मास्क. एवढं करूनही ओरेगन विरुद्ध व्हीसीयू (व्हर्जिनियातलं एक विद्यापीठ) हा एक सामना संघातल्या लागणीमुळे झालाच नाही. शरद ऋतूत डेल्टाची लाट होती. लुइझियानातल्या एलएसयू विद्यापीठाने १,०२,३२१ क्षमतेच्या टायगर स्टेडियमसाठी ऑगस्टमध्ये जाहीर केलं की बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने लसीचा पुरावा किंवा ७२ तासांतली निगेटिव्ह पीसीआर दाखवायची. ओरेगन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांनीही तशीच अट घातली. बारा वर्षांची रेघ का, असं फाटकावर मला बरेच पालक विचारायचे. कारण साधं होतं, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना लस मिळायलाही त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. दुसरीकडे फ्लोरिडा आणि टेक्सासने लसीचा दाखला मागण्यावरच कायद्याने बंदी आणली, त्यामुळे तिथल्या विद्यापीठांच्या हातात काही राहिलं नाही. तुमच्या मुलीच्या राज्यात इंडियाना विद्यापीठाने विद्यार्थ्यांना लस सक्तीची केली. काही विद्यार्थी कोर्टात गेले, अपील कोर्टाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनीही हस्तक्षेप करायला नकार दिला.

लसीचा पुरावा मागणं आरोग्याच्या दृष्टीने मला योग्य वाटायचं, आजही वाटतं. पण तो तपासायचा कसा, याचा हिशेब फार थोड्यांनी केला होता. समजा साठ हजार प्रेक्षक आहेत आणि फाटकांवर चाळीस रांगा. एका रांगेला दीड हजार माणसं आली. दर माणसामागे तपासणीला फक्त दहा सेकंद जादा लागले, तर एका रांगेचे पंधरा हजार सेकंद होतात, म्हणजे चार तास दहा मिनिटं. आणि निम्म्याहून जास्त प्रेक्षक शेवटच्या तासात येतात. मग काय होतं? फाटकाबाहेर खांद्याला खांदा लावून गर्दी साचते, सामना सुरू झाल्याचा आवाज आतून येतो, लोक ढकलू लागतात, आणि फाटकावरचे लोक दडपणाखाली कार्डाकडे न बघताच "जा, जा" म्हणायला लागतात. नियम राहतो आणि तपासणी जाते.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. सप्टेंबरमधला शनिवार, भर दुपारचं ऊन. आमच्या फाटकावर सत्तरीतल्या एक बाई होत्या, निवृत्त शाळामास्तरीण, गळ्यात ओळखपत्र, वर्षानुवर्षं हे काम हौसेने करणाऱ्या. समोर प्रत्येक जण फोन पुढे करतोय, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, त्या हाताची सावली धरून लसीच्या कार्डावरची तारीख वाचतायत. तेवढ्यात आपल्याकडचा एक विद्यार्थी आला, नागपूरचा. त्याच्याकडे कोविनचं प्रमाणपत्र, क्यूआर कोड आणि पंतप्रधानांचा फोटो असलेलं. बाईंना शिकवलेलं फक्त सीडीसीचं पांढरं कार्ड. त्या गोंधळल्या, मागून आरडाओरड सुरू झाली, पोरगा लाजेने लाल. मी मध्ये पडून त्याला आत सोडलं. त्याची चूक काही नव्हती, बाईंचीही नव्हती. परदेशातले विद्यार्थी हजारोंनी असलेल्या विद्यापीठात तो नमुना फाटकावर चिकटवायचं आमच्याच लक्षात आलं नव्हतं. पुढच्या सामन्याला आम्ही तपासणी फाटकावरून काढली. पार्किंगमध्ये आणि आदल्या दिवशी विद्यार्थी केंद्रात तंबू टाकले, तिथे निवांत कागद बघून मनगटाला कागदी पट्टी बांधायची, फाटकावर फक्त पट्टी बघायची. रांग जवळजवळ नेहमीच्या वेगाने चालू लागली.

कोविनवरून आठवलं. त्या वर्षी कोव्हॅक्सिन घेतलेल्या आपल्या मुलांचे फार हाल झाले. पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारीतच मिळालेली, कोव्हॅक्सिनला ती मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. ऑगस्टमध्ये पोचलेल्या मुलांना अनेक विद्यापीठांनी दुसरी लस परत घ्यायला सांगितलं. घाबरलेल्या आईबापांचे फोन मलाही आले. तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच: मुलीच्या सगळ्या लसींची नोंद इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह, तारखांसकट बरोबर द्या. गोवर आणि मेंदुज्वराच्या लसींसाठी विद्यापीठ ती कदाचित तसंही मागेल.

बंद जागेतले खेळ, म्हणजे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हे प्रकरण वेगळं. तिथे वर छप्पर, आत बँडची पितळी वाद्यं आणि दहा हजार माणसं घसा फाडून ओरडणारी. मी खिशात कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र ठेवायचे. बाहेरच्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. बसायच्या जागेत तो फारसा चढायचा नाही, कारण रिंगणाचं छत उंच आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा दांडगी. पण मध्यंतराला खालच्या मार्गावर, पॉपकॉर्नच्या रांगेत, तो हजाराच्या वर जायचा. दुसऱ्यांच्या फुफ्फुसातून आलेली हवा आपण किती घेतोय, याचाच तो अंदाज. आम्ही मग खाण्याचे स्टॉल बंद केले नाहीत, नुसतं मध्यंतराआधीच दोन्ही टोकांची दारं उघडी टाकायला लावली, जानेवारीच्या थंडीत. लोक कुडकुडले, तक्रारी आल्या, आकडा उतरला. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट होती तेव्हा यूसीएलएसारख्या काही विद्यापीठांनी काही काळ प्रेक्षकच बंद केले. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण तो थोड्या आठवड्यांपुरता होता.

आपल्याकडेही हे झालंच की. मार्च २०२१ मध्ये गहुंज्याला भारत-इंग्लंडचे तिन्ही एकदिवसीय सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, आणि २०२२ च्या आयपीएलला मुंबई-पुण्यात आधी पाव, मग निम्मं मैदान उघडलं. फरक एवढाच की आपल्याकडे राज्य सरकारने एकदा सांगितलं की विषय संपतो. अमेरिकेत तुमच्या मुलीला दर वेळी स्वतः शोधावं लागेल. मास्क लावून सामना बघणं मात्र तिथे अजिबात नवीन नाही. १९१८ च्या फ्लूत अटलांटाला जॉर्जिया टेकच्या मैदानावर मास्क लावून बसलेल्या प्रेक्षकांचा फोटो आजही आहे.

आता मला सगळ्यात जास्त काय खुपतं ते सांगते. प्रत्येक स्टेडियमबाहेर फलक होता: 'आजारी असाल तर येऊ नका'. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळायचे नाहीत, निदान सहजी नाही. एका सामन्याला रांगेत एक गृहस्थ खोकत होते. मी हळूच बाजूला घेतलं तर म्हणाले, "पाच तास गाडी चालवून आलोय, चार तिकिटं आहेत, पोरांना वचन दिलंय. ही नुसती ॲलर्जी आहे." खरंच ॲलर्जी असेलही. पण माणसाला खरं बोलल्याबद्दल शेकडो डॉलरचा फटका बसणार असेल, तर तो ॲलर्जीच म्हणणार. 'सकाळी पॉझिटिव्ह आलात तर फोटो पाठवा, पैसे परत किंवा पुढचा सामना' हा एक नियम शंभर तापमापकांना भारी आहे. त्याला खर्च येतो, पण फवारणीपेक्षा नक्की कमी.

प्रेक्षकांमुळे गावात साथ किती वाढली, याची २०२० च्या मोसमावरच्या अभ्यासांतली उत्तरं एकसारखी नाहीत. प्रेक्षक सामना बघून दहा वेगवेगळ्या काउंट्यांत घरी जातात, लागण कुठे झाली आणि मोजली कुठे, हे जुळवणं अवघड. म्हणून कुणी छातीठोकपणे 'काहीच झालं नाही' किंवा 'सामन्यांनीच मारलं' म्हणालं तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

आता तुमची मुलगी. आज सामन्यांना कोविडची कुठलीही अट राहिलेली नाही, तिला बिनधास्त जाऊ द्या. उद्या श्वसनाची साथ परत आली, तर तिने आधी काउंटीच्या आरोग्य खात्याचे आकडे बघावेत, विद्यापीठाची जाहिरात नंतर. लाट चढत असेल तर बंद जागेतला सामना सोडावा, उघड्यावरच्याला जावं. जाताना खोलीवरच्याच मैत्रिणींबरोबर, काचा उघड्या ठेवून. एन९५ मास्क बसमध्ये, फाटकाच्या रांगेत, स्टँडखाली आणि स्वच्छतागृहात लावावा. खुर्चीत बसल्यावर वारा असेल आणि शेजारी रिकामा असेल तर काढला तरी चालेल, हे मी साथरोगतज्ज्ञ म्हणून म्हणतेय. खायला-प्यायला मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी उठावं. निघायच्या आधी त्याच सकाळी घरी अँटिजेन चाचणी करावी, कारण तीन दिवसांपूर्वीचा निगेटिव्ह अहवाल तीन दिवसांपूर्वीचंच सांगतो. आणि सामन्यानंतरच्या घरगुती पार्टीला नाही म्हणायची तयारी ठेवावी. हे तिला सगळ्यात जड जाईल, एकटं पडायची भीती वाटेल, म्हणून आधीच दोघी-तिघींनी मिळून ठरवलेलं बरं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस असेल किंवा कुणाला दमा असेल, तर सामन्यानंतर पाच-सहा दिवस त्यांच्याकडे जाणं टाळावं किंवा आधी चाचणी करावी.

विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरचा नंबर पहिल्याच आठवड्यात तिच्या फोनमध्ये जाऊ दे, आणि तिच्या विमा-कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तुमच्याकडे असू द्या. रात्री दोन वाजता तिला ताप आला तर तुमच्याकडे दिवस असेल, फोन तुम्हालाच येईल.